१७ मे आणि ताटातले मीठ

१७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन ऐन लोणची-पापडांच्या बेगमीत येतो. त्या दिवशी घरातील सर्व प्रौढांनी, विशेषतः ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्यांनी, पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोजून घ्यावा, आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा आणि तो १४०/९० किंवा अधिक असल्यास डॉक्टरांना दाखवावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि पापड-लोणच्यातले मीठही त्यातच धरायचे असते. म्हणून त्याच दिवसापासून ताटात डावीकडे मीठ वाढणे थांबवून मिठाची वाटी ओट्यावरच ठेवावी. वाढलेली चिमूट सवयीने भातात कालवली जाते, उठून आणावी लागली की बहुधा राहूनच जाते.