मंडळीच्या जागृतीसाठी आणि नव्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना कशी चालवावी

‘प्रभू, आमच्या मंडळीत जागृती घडव’, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा थंडावलेला विश्वास पुन्हा जिवंत कर, ही प्रार्थना बहुतेक रविवारी होते आणि आमेनबरोबर संपते. कोणासाठी, कशासाठी, हे कोणी ठरवलेलंच नसतं. म्हणून आधी एक दोनशे पानी वही घ्या.

पानावर चार रकाने आखा: नाव, विषय, तारीख, पुढे काय झालं. विषय एका ओळीत, पण नेमका हवा. ‘सु.साठी आशीर्वाद’ असं लिहिलंत तर दोन आठवड्यांनी कोणालाच काही सांगता येत नाही. ‘सु., रात्रपाळी, रविवारी उपासना चुकते, घरी आईचा अबोला’ असं लिहिलं की काय मागायचं ते कळतं आणि पाळी बदलली की चौथा रकाना भरता येतो. लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. नव्या विश्वासणाऱ्याचं आद्याक्षरच पुरे. वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. फॉरवर्ड झालेलं नाव कुठेही पोचतं आणि त्रास त्या माणसाला होतो.

गट सात-आठ जणांचा ठेवा. मुंबईच्या घरात तेवढ्यांनी खोली भरतेच. रात्री आठ ते नऊ ही वेळ बरी, कारण लोक लोकलने घरी पोचलेले असतात. रविवारी दुपारी ठेवाल तर मेगाब्लॉकमुळे निम्मे येणार नाहीत. माइक नको. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर कायद्यानेच बंदी आहे, आणि एवढ्याशा खोलीत तो हवाच कशाला?

तासाची विभागणी साधी: एक गीत, पाच मिनिटं वचन (बायबलचा उतारा), दहा मिनिटं शांतता आणि पापकबुली, मग तिघातिघांच्या गटात वहीतली नावं, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एकाने एका वेळी एकच विषय घ्यावा, दोन-तीन वाक्यांत. एखादे वडील पंधरा मिनिटं प्रार्थना करू लागले की तिचा उपदेश होतो आणि नवखा माणूस तोंडच उघडत नाही. दुसरा रोग म्हणजे ‘प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं’ असं म्हणत कोणाच्या तरी घरची भांडणं बाहेर काढणं. गट चालवणाऱ्याने ते तिथेच थांबवावं, वाईटपणा आला तरी.

कबुलीची दहा मिनिटं सगळ्यात अवघड, म्हणून तीच गाळली जातात. स्तोत्र ८५:६ मध्ये नवजीवन मागणारे देवाचेच लोक आहेत, बाहेरचे नव्हेत. तेव्हा आधी आपल्या मंडळीचं बोला: पास्टरेट कमिटीतला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतला) जुना वाद, निवडणुकीपासून एकमेकांशी न बोलणारी दोन घरं, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) नुसतं सवयीने जाणं. कबुली स्वतःच्या पापाची, दुसऱ्याच्या नव्हे. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे त्याच आठवड्यात जा. गटापुढे रडून ते काम होत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती आली, त्याआधी पंडिता रमाबाईंनी तिथल्या स्त्रियांना रोज प्रार्थनेला जमवलं होतं. लोकांच्या लक्षात राहतं ते मात्र नंतरचं.

नव्या विश्वासणाऱ्यासाठी कलस्सैकरांस १:९-११ घ्या आणि ‘तुम्ही’च्या जागी त्याचं नाव घाला: देवाच्या इच्छेचं ज्ञान, शोभेल अशी चाल, फळ, धीर. मग रोजचं मागा: वचन वाचायची सवय, मंडळीत एक तरी मित्र, जुनं व्यसन सुटणं, घरच्यांशी नातं टिकणं. त्याने घर तोडावं अशी प्रार्थना कधीही नको. प्रत्येक नावामागे एक सोबती नेमा, त्याने आठवड्यातून एक फोन करावा. नुसती प्रार्थना होते आणि विचारपूस कोणी करत नाही, तिथे बाप्तिस्म्यानंतर माणूस हळूहळू दिसेनासा होतो. आणि त्याला लगेच साक्ष द्यायला, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायला, व्यासपीठावर चढवू नका. १ तीमथ्य ३:६ मध्ये नवख्याला अध्यक्ष (मंडळीचा पुढारी) नेमू नये असं सांगितलंय ते तो गर्वाने फुगू नये म्हणून. टाळ्यांनीही तेच होतं.

दहा दिवसांची खास प्रार्थना ठेवायची तर येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारनंतर सुरू करून पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) रविवारी संपवा. प्रेषितांची कृत्ये १:१४ मधले शिष्य त्याच काळात एकत्र प्रार्थना करत होते. अडचण अशी की हे दिवस बहुधा मे महिन्यात येतात आणि अर्धी मंडळी गावाला गेलेली असते. त्यांना रोजचा एक विषय आधीच कागदावर छापून द्या, नावांशिवाय. गावाला नेटवर्क असेलच असं नाही. उपास करायचा तर एका वेळचं जेवण सोडणं पुरे; मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शाळा सुरू झाल्या की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात गट पुन्हा बसवा आणि चौथा रकाना रिकामा असलेली नावं आधी वाचा.