रॉकेटचं त्वरण कसं काढावं: वजाबाकी सोपी, घात करतं ते घटतं वस्तुमान

न्यूटनचे तीन नियम माहीत आहेत असं धरतो. उदाहरणाला सॅटर्न ५ घेऊ. १६ जुलै १९६९ ला फ्लॉरिडाहून अपोलो ११ घेऊन गेलं, ते रॉकेट. ढोबळ आकडे असे: निघतानाचं वस्तुमान २९ लाख किलो, तळाच्या पाच एफ-१ इंजिनांचा एकत्रित थ्रस्ट, म्हणजे वर ढकलणारं बल, ३.४ कोटी न्यूटन.

१. बाण काढा. वर थ्रस्ट, खाली वजन. सुरुवातीचे काही सेकंद हवेचा रोध विसरा. ‘जमिनीचा उलटा धक्का’ म्हणून तिसरा बाण काढला असेल तर खोडा. रॉकेट ढकलतं ते स्वतःच्याच वायूला.

२. वजा करा, भागा. वजन २९ लाख × ९.८ (गुरुत्वाचं त्वरण), म्हणजे २.८४ कोटी न्यूटन. थ्रस्टमधून उरले ५६ लाख. भागिले २९ लाख, त्वरण आलं १.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. इतकं कमी बघून पोरं पुन्हा गणित तपासतात. तपासू नका, बरोबर आहे. थ्रस्टचा पाच-षष्ठांश हिस्सा नुसतं वजन पेलण्यातच जातो. या त्वरणाने ११० मीटरचं ते धूड स्वतःच्या उंचीइतकं वर जायला साधारण ११ सेकंद घेईल. उड्डाणाची चित्रफीत लावा आणि घड्याळ धरा.

३. आता वस्तुमान घटू द्या. इथेच माझी दोन वर्षं गेली.

इंजिनं मिळून दर सेकंदाला जवळपास १३ हजार किलो इंधन आणि ऑक्सिजन जाळतात. वस्तुमान बदलतंय म्हटल्यावर कुणीतरी शहाणा सांगतोच: ‘मग बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे चालणार नाही. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, बदलण्याचा दर घे आणि कलनातल्या गुणाकाराच्या नियमाने उलगड.’ मलाही हेच सांगितलं होतं आणि मी इमानेइतबारे केलं. त्यातून ‘वेग गुणिले वस्तुमान बदलण्याचा दर’ असं एक जादा पद बाहेर पडतं. वेग सेकंदाला १,००० मीटर धरला तर हे पद १.३ कोटी न्यूटन भरतं. कुठलंही इंजिन न लावता मिळालेलं फुकटचं बल! मी ते थ्रस्टमध्ये मिळवत राहिलो, आणि उत्तर दर वेळी फुगून येत राहिलं.

चूक कुठे, हे कळलं रस्त्यावरच्या गळक्या टँकरमुळे. घर्षण नाही, गिअर न्यूट्रलला, टँकर आपला घरंगळतोय आणि पाणी गळतंय. वरच्या सूत्राप्रमाणे त्याचा वेग वाढायला हवा. वाढतो का? छे. गळणारं पाणी सुटताना टँकरच्याच वेगाने पुढे जात असतं. आपल्या वाट्याचा संवेग ते सोबत नेतं. सूत्राने ते पाणी हिशेबातून गायबच केलं होतं. शिवाय तो ‘वेग’ कुणाच्या नजरेतून मोजायचा? जमिनीवरून एक, बाजूने उडणाऱ्या विमानातून दुसरा. बघणारा बदलला म्हणून बल बदलायला लागलं, तर समजा सूत्र चुकीच्या जागी वापरलंय.

म्हणून हिशेब रॉकेट आणि त्या क्षणी बाहेर पडलेला वायू, दोघांचा मिळून करा. मग उरतो फक्त वायूचा रॉकेटच्या सापेक्ष वेग, इथे सेकंदाला सुमारे २,६०० मीटर. त्याला १३ हजारांनी गुणा: ३.३८ कोटी. ओळखीचा आकडा वाटतोय ना? हाच तर थ्रस्ट. तो दिलेला असेल तर हा गुणाकार पुन्हा मिळवू नका. एकच गोष्ट दोनदा मोजाल. थोडक्यात, प्रत्येक क्षणी थ्रस्ट वजा वजन, भागिले त्या क्षणाचं वस्तुमान. जादा पद शून्य. उलटं सांगणारे नोट्स माझ्याकडे आजही येतात, मी त्या पानावर सरळ काट मारतो.

४. पुढचे क्षण भरा. १३५ व्या सेकंदाला १७.५ लाख किलो जळून गेलेत, उरलेत ११.५ लाख. थ्रस्ट तेवढाच धरला तरी त्याला वस्तुमानाने भागून जवळपास ३० येतात. एव्हाना रॉकेट बरंच कललेलं असतं, म्हणून इथे ९.८ पूर्ण वजा करू नका. उड्डाणाच्या दिशेतला घटकच घ्या.

५. आतल्या माणसाला काय जाणवतं, हे हवं असेल तर गुरुत्व वजाच करू नका. थ्रस्ट भागिले वस्तुमान, बस्स. निघताना १.२ जी (१ जी म्हणजे ९.८), १३५ व्या सेकंदाला आपल्या हिशेबाने ३ जी. प्रत्यक्षात जवळपास ४, कारण वर हवेचा दाब कमी झाल्याने थ्रस्ट वाढलेला असतो. मधलं इंजिन त्याच सुमारास आधी बंद करत, ते त्वरण हाताबाहेर जाऊ नये म्हणूनच.

हीच रीत श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटला लावणार असाल तर एक खाच आहे. सुमारे ६४० टनांच्या त्या रॉकेटचा मधला एल११० टप्पा जमिनीवर पेटतच नाही. तो हवेत, पावणेदोन मिनिटांच्या आसपास पेटतो. निघताना थ्रस्टमध्ये फक्त बाजूचे दोन एस२०० बूस्टर धरा, पण वस्तुमानात एल११० सकट सगळं.