व्यसनमुक्तीच्या उपचारात या चुका टाळा: डिस्चार्जनंतरचे आठवडे

गर्दच्या (हेरॉइनच्या) आहारी गेलेल्या माणसाला दाखल करण्यासाठी सारे घर धावपळ करते. पण डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याला कोणाकडे न्यायचे, या प्रश्नाचे उत्तर त्याच घरात कोणाकडेही नसते. गोव्यात अशा कुटुंबांबरोबर काम करताना मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. शरीरातून नशा उतरवणे, पुनर्वसन केंद्रातला मुक्काम, बाह्यरुग्ण विभागातला पाठपुरावा, समुपदेशन, स्वमदत गटाच्या सभा आणि पुन्हा कामाला लागणे हे सारे एकाच उपचाराचे टप्पे आहेत, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक रुग्ण हातून निसटले ते दोन टप्प्यांच्या मधल्या दिवसांत.

सर्वांत घातक चूक म्हणजे टर्की, म्हणजे नशा थांबवल्यावर होणारा शारीरिक त्रास, संपली की रुग्ण बरा झाला, असे मानणे. गर्द थांबवल्यावर साधारण आठ ते बारा तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कळसाला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत बराचसा ओसरतो. मुलगा जेवू लागला, झोपू लागला, की घरच्यांना हायसे वाटते. मात्र याच काळात अफूजन्य पदार्थ सोसण्याची शरीराची सवय मोडलेली असते, तलफ मात्र तशीच असते. त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्राच आता श्वास थांबवू शकते.

पेडणे तालुक्यातल्या एका घरात हेच घडले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, मोठ्या घरात सगळे नातेवाईक जमणार होते आणि मुलगा कुठे आहे, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, याची आईवडिलांना धास्ती होती. डॉक्टरांनी पुनर्वसन केंद्रात हलवण्याचा सल्ला दिला असतानाही त्यांनी सही करून त्याला घरी आणले. माटोळी (गणपतीवरचे फळाफुलांचे छत) बांधायला तो स्वतः पुढे होता, आणि ते पाहून सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. विसर्जनानंतरच्या रात्री त्याने जुन्या ओळखीच्या माणसाकडून नेहमीइतकीच पुडी घेतली. मामेभाऊ पाणी प्यायला उठला नसता, त्याचे निळे पडलेले ओठ त्याला दिसले नसते, तर तो मुलगा वाचला नसता. इस्पितळात नॅलॉक्सोनचे, म्हणजे गर्दचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिल्यावर त्याचा श्वास पूर्ववत झाला. त्या आईवडिलांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. पण सण दरवर्षी येतो, हे मी तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगते.

यावर माझी सवय साधी आहे. पुढच्या भेटीची तारीख, वेळ आणि डॉक्टरांचे नाव कागदावर लिहून हातात येईपर्यंत मी डिस्चार्जला होकार देऊ नका, असे सांगते. शक्यतो घरी न जाता थेट पुढच्या केंद्रात न्यावे, आणि पहिल्या काही भेटींना सोबत घरातलेच कोणीतरी असावे.

दुसरी चूक म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन हे गर्दच्या व्यसनावरचे अफूजन्य गटातलेच औषध मध्येच बंद करणे. ‘एक नशा सोडून दुसरी कशाला?’ हा प्रश्न मला सुशिक्षित घरांतही ऐकावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, कारण ते तलफ शमवते आणि अतिमात्रेने होणारे मृत्यू टाळते. ते जिभेखाली पूर्ण विरघळू द्यावे लागते. गिळल्यास त्याचा उपयोग फारच कमी होतो. पहिली गोळी त्रास सुरू झाल्यानंतरच द्यायची असते. घाईने आधी दिली तर तीच गोळी तीव्र टर्की आणते, आणि मग औषधच वाईट ठरवले जाते. हे औषध महिनोन्महिने, पुष्कळदा वर्षानुवर्षे चालते, आणि डोस कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. महिन्याभरात ‘सगळे बंद’ करून दाखवण्याचा उत्साह मला मुळीच मान्य नाही.

काही चुका थोडक्यात सांगते. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळू नका. त्यावर दारू प्यायल्यास जिवावर बेतू शकते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडू नका. झटके आणि भ्रम होऊन मृत्यू येऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांची जुनी सवयही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडवावी लागते. लग्न लावून देणे हा उपचार नाही, आणि त्या मुलीवर तो अन्याय आहे.

लोक ओळखतील म्हणून रुग्णाला मुंबई-पुण्याला पाठवणारी कुटुंबे अनेक आहेत. तसे करण्यास हरकत नाही. परंतु परतल्यावर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे त्याचे कागद पोहोचले नाहीत, तर तिथली सारी मेहनत गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यावरच थांबते. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवणाऱ्यांनी वकिलाकडून एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ समजून घ्यावे: अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेतले जाऊ शकते.

रुग्णाने पुन्हा नशा केली, तर त्याला घराबाहेर काढू नका आणि पुढच्या तारखेची वाटही पाहू नका. काय घेतले, किती घेतले आणि कोणत्या प्रसंगी घेतले, हे न ओरडता विचारून लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. कुठे जावे हे कळत नसेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनाशुल्क आहे.