मुलासाठी व्हीलचेअर किंवा वॉकर घेताय? या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणं) किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाणं) असलेल्या मुलाच्या घरी पहिली व्हीलचेअर बहुधा घाईत येते. तालुक्याला शिबिर असल्याचं कळतं, मामा ऑनलाइन मागवून देतो, नाहीतर शेजारच्या आजोबांची खुर्ची त्यांच्या पश्चात तशीच पडून असते. फुकट किंवा स्वस्तात काम झालं म्हणून घरचे निश्चिंत होतात. दोन महिन्यांनी त्या खुर्चीवर वाळलेले कपडे ठेवलेले असतात आणि मूल पुन्हा आईच्या कडेवर असतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून अशा घरांत माझं सतत जाणं-येणं असतं. खुर्ची पडून राहण्याचं कारण मुलात क्वचितच सापडतं. क्रम उलटा झालेला असतो: आधी वस्तू, मग पैसे, आणि मुलाला नेमकं काय हवं हा विचार सगळ्यात शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात तपासणी दुसरी, लेखी शिफारस तिसरी, आणि पैशांची सोय व मागणी चौथी आहे. आपल्याकडे थेट चौथीपासून सुरुवात होते.

वाढत्या मापाची खुर्ची

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा ही आपली सवय. खुर्चीला ती लावू नका. सहा वर्षांच्या मुलाला १८ इंची आसनाच्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसवलं की ते एका बाजूला कलतं. रोज काही तास तसंच बसल्याने पाठीचा कणा वाकडा होत जातो आणि खुब्यांवर विषम ताण येतो. चाकं लांब पडतात, त्यामुळे हातात ताकद असूनही मूल ती स्वतः फिरवू शकत नाही.

आसनाची खोली जास्त असेल तर वेगळाच प्रकार होतो. आसनाची कड गुडघ्यामागे टेकते, म्हणून मूल कंबर पुढे सरकवतं आणि हळूहळू घसरतं. मग घरचे छातीवरून ओढणी बांधतात. कृपा करून हे करू नका. मूल आणखी घसरलं तर ती ओढणी गळ्याशी येते. घसरणाऱ्या मुलाला छातीचा नाही, कमरेचा पट्टा लागतो, तोही पोटावर नव्हे तर मांड्या जिथे कमरेला मिळतात तिथे, तिरका खाली ओढलेला. आणि त्याआधी आसनाची खोली कमी करावी लागते.

माप घरी घेता येतं. मुलाला पाटावर किंवा बाकावर बसवा, पाय खाली पूर्ण टेकलेले. दोन्ही खुब्यांना दोन पुठ्ठ्याची पुस्तकं उभी चिकटवून धरा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा: ही आसनाची रुंदी. पाठीमागे तिसरं पुस्तक उभं करा, तिथपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करा: ही खोली. दोन्ही पायांचं माप वेगळं आलं तर लहान माप धरा आणि ही गोष्ट थेरपिस्टला आवर्जून सांगा, कारण खुबा निखळल्यामुळेही असा फरक पडतो. खळगीपासून टाचेपर्यंतचं अंतर पायटेकूसाठी. माप बूट किंवा स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालून घ्या, कारण मूल बसणार ते घालूनच.

वाढीची सोय हवीच, पण ती खुर्चीच्या रचनेत हवी: पायटेकू खाली-वर होणारे, पाठ मागे सरकवता येणारी, रुंदी भरून काढणाऱ्या बाजूच्या गाद्या काढता येणाऱ्या. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा.

मान मागे पडणाऱ्या मुलासाठी पाठ आडवी होणारी खुर्ची घेतली जाते, हीसुद्धा नेहमीची चूक. अंग ताठ होणाऱ्या मुलाची नुसती पाठ मागे झुकवली तर ते अधिक ताठतं आणि पुढे घसरतं. त्याला आसन आणि पाठ यांचा कोन तसाच ठेवून सगळी खुर्ची मागे कलणारी रचना लागते. दिसायला दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून विकत घेण्याआधी मुलाला अर्धा तास बसवून पाहा.

‘खुर्चीची सवय लागेल’

ही भीती मी आजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकते. तिच्यापायी दहा-दहा वर्षांची मुलं उचलून नेली जातात, नाहीतर घरात सरपटत राहतात. थोडंफार चालणारं मूल वर्गात वॉकरने फिरेल आणि शाळेच्या रस्त्यावर व्हीलचेअर वापरेल, यात विसंगती काही नाही. चालण्याचा व्यायाम थेरपीच्या वेळी होतो. शाळेत पोचेपर्यंत सगळी शक्ती संपली तर फळ्याकडे बघायला काय उरणार?

डुशेन या प्रकारच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीत वाट पाहणं आणखी महागात पडतं. ही मुलं साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं गमावतात आणि पुढे हातही थकतात, त्यामुळे हाताने ढकलायची खुर्ची त्यांना फार काळ पुरत नाही. बॅटरीच्या खुर्चीचा विचार चालणं थांबण्याआधीच सुरू करा. समज चांगली असलेली दोन-अडीच वर्षांची मुलंही अशी खुर्ची मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवायला शिकतात.

वॉकरचंही तसंच. पुढे धरायच्या वॉकरवर सेरेब्रल पाल्सीची बरीच मुलं ओणवी होऊन लोंबकळतात. मागून ओढायचा वॉकर त्यातल्या अनेकांना सरळ उभं ठेवतो. दोन्ही वापरून बघितल्याशिवाय ठरवू नका.

घर न मोजता खुर्ची

१८ इंची आसनाची साधी खुर्ची बाहेरून २५ ते २६ इंच भरते. आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमचा दरवाजा पुष्कळदा दोन-सव्वादोन फुटांचा असतो. म्हणून सगळ्यात अरुंद दरवाजा, उंबरठ्याची उंची आणि वळायची जागा कागदावर लिहून न्या. उतार करायचा तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरा: सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. जागेअभावी दोन फुटांत केलेल्या उतारावर खुर्ची मागे उलटते.

गावात रस्ता कच्चा असेल तर पुढची बारीक, टणक चाकं चिखलात आणि खडीत रुततात. मोठी, रुंद पुढची चाकं मागा. मागचं चाक सायकलच्या टायर-ट्यूबवर चालणारं असेल तर पंक्चर गावातच निघतं. आयात केलेल्या खुर्चीचा एक भाग तुटला की ती महिनोन्‌महिने बंद पडते. सुटे भाग कुठे मिळतात, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

शिबिरातली खुर्ची

दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी तिच्याखाली खुर्च्या, रोलेटर (चाकांचा वॉकर), कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्ची) असं साहित्य देते. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतं. मुलाच्या बाबतीत पालकांचं उत्पन्न धरलं जातं. हे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करताना ताजे विचारा.

या योजनेतली एक अट मात्र पालकांना कुणी सांगत नाही. एकदा साहित्य घेतलं की त्याच कारणासाठी पुढची तीन वर्षं पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. म्हणजे शिबिरात ‘आता हीच आहे, घेऊन जा’ म्हणून दिलेली चुकीच्या मापाची खुर्ची घेतली, तर बरोबर खुर्चीचा रस्ता तुम्ही स्वतःच्या सहीने बंद केलेला असतो. खुर्चीत मुलाला बसवा, मापं ताडून पाहा, नाही जमली तर सही करू नका आणि न घेण्याचं कारण लेखी द्या. हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, मला कल्पना आहे. मंचावर पाहुणे असतात, फोटो काढायचे असतात, लांबून गाडी करून आलेलो असतो. तरीही.

आणखी एक, बॅटरीवर चालणाऱ्या तिचाकी आणि खुर्च्या एडिपमधून वयाच्या सोळाव्या वर्षापासूनच मिळतात. आठ वर्षांच्या मुलासाठी तिथे थांबून राहण्यात वेळ जातो. त्यासाठी दुसरीकडेच प्रयत्न करावे लागतात.

पैसे कुठून उभे करायचे

पहिलं काम युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. मुलाच्या प्रमाणपत्रावर मुदत असेल तर ती संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाला लागा. मुदत संपल्यामुळे मंजुरीच्या तोंडावर अडकलेली प्रकरणं माझ्या पाहण्यात आहेत.

मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांमार्फत गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत मोजमाप शिबिरं होतात, साहित्य मिळतं, शिवाय प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्त्याचीही तरतूद आहे. घरून शिकणाऱ्या मुलांनाही ही दारं बंद नाहीत.

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान ग्रामपंचायतीत ती रक्कम किरकोळ असते, पण उतार बांधायला किंवा टायर बदलायला तेवढी पुरते. ग्रामसभेत नुसता तोंडी विषय काढू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोठ्या रकमेसाठी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग गाठा. खासदार निधीतूनही व्हीलचेअर-तिचाकीसारखं साहित्य देता येतं.

खाजगी ट्रस्टकडे जाताना बहुतेकांची एकच चूक होते: आधी कर्ज काढून खुर्ची घेतात आणि मग बिल घेऊन परतफेड मागतात. बहुतेक ट्रस्ट पालकांना रोख देत नाहीत, कोटेशन पाहून विक्रेत्याच्या नावाने चेक काढतात. विकत घेतलेल्या वस्तूचं बिल तिथे चालत नाही. दोन विक्रेत्यांची कोटेशनं, थेरपिस्टचं पत्र, उत्पन्नाचा दाखला आणि युडीआयडीची प्रत असा संच करून ठेवा.

त्या पत्रावर सगळं अवलंबून असतं. ‘पेशंटला व्हीलचेअरची गरज आहे’ एवढ्या ओळीवर तुम्हाला सगळ्यात स्वस्त खुर्ची मिळेल. पत्रात आसनाची रुंदी आणि खोली, पाठीची उंची, डोक्याला आधार लागतो की नाही, कुठला पट्टा, कुठली गादी आणि साधी खुर्ची का चालणार नाही हे एका वाक्यात, एवढं हवं. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशी तपासणी होते. जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र किंवा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात विचारा.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा असला तरी तो उपचार आणि थेरपीसाठी आहे. खुर्चीचा खर्च त्यात बसेल असं धरून चालू नका.

खुर्ची आल्यावर

पहिल्या आठवड्यात मुलाला थोडा थोडा वेळ बसवा आणि उतरवल्यावर कपडे बाजूला करून माकडहाड, खुबे, टाचा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर बसवणं थांबवा आणि थेरपिस्टला कळवा. स्पायना बायफिडाच्या मुलाला तिथे संवेदना कमी असल्याने बहुधा दुखतच नाही, त्यामुळे ते तक्रार करणार नाही. त्याचं अंग रोज तुम्हालाच पाहावं लागेल. गादी कधी काढून ठेवू नका. आसनाचं कापड झोळीसारखं झालं तर ते ताणून किंवा बदलून घ्या.

ब्रेक, नट आणि हवा आठवड्यातून एकदा पाहा, पुढच्या चाकांत गुंतलेले केस आणि दोरे काढा. दर सहा महिन्यांनी पुन्हा तीच पुस्तकं लावून माप घ्या आणि आधीच्या आकड्यांच्या शेजारी लिहा. रुंदीला बोटभरही जागा उरली नसेल तर नव्या खुर्चीचा अर्ज तेव्हाच टाका, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि मूल थांबत नाही. जुनी खुर्ची दुसऱ्या मुलाला देणार असाल तर आसनाची रुंदी, खोली आणि काय काय बदलता येतं हे लिहिलेला कागद पाठीला चिकटवा, आणि घेणाऱ्या पालकांना आधी माप घेऊन यायला सांगा.