पहिला पाहुणा येण्याआधी: बंद खाणीच्या डोंगरी गावाची तयारी

सायकलवाट कुठून काढायची, कड्यावर चढाईचे मार्ग कुठे करायचे, हे ठरवण्याआधी जमिनीखालचा नकाशा टेबलावर पसरा. कंपनी निघून गेली तरी तिचे आराखडे बहुधा सरकारी खाण खात्याच्या दप्तरात सापडतात. त्यांच्यावर पूर्ण विसंबू मात्र नका. सर्वांत जुनी खोदकामं नकाशे ठेवायची सक्ती येण्याआधीची असतात, आणि खाण बंद पडतानाचं शेवटचं काम अनेकदा कागदावर चढलेलंच नसतं. ही उणीव भरून काढणारी माणसं गावातच आहेत. खाणीत हाडं झिजवलेल्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन डोंगर चाला, ते दाखवतील ते प्रत्येक बोगद्याचं तोंड आणि हवेची प्रत्येक विहीर जीपीएसवर नोंदवा. यादीत हे काम पहिलं, कारण बाकी सगळं पुढच्या वर्षी करता येईल. ही माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

उभ्या शाफ्टची, म्हणजे खाणीत सरळ खाली उतरणाऱ्या विहिरींची, तोंडं पूर्वी लाकडी ओंडके टाकून वर माती लोटून बंद करत. ओंडके आतून कुजत जातात, वर गवत तसंच हिरवं राहतं. म्हणून चालताना खुणा बघा: बशीसारखी खोलगट जागा, एकाच बाजूला कललेली झाडं, आणि हिवाळ्यात आजूबाजूला बर्फ असताना मधेच विरघळलेला गोल तुकडा. खालून उबदार हवा वर येते म्हणून तिथे बर्फ टिकत नाही. अशा जागेभोवती आधी कुंपण घाला आणि भूतंत्रज्ञाला, म्हणजे जमिनीची स्थिरता तपासणाऱ्या अभियंत्याला, बोलवा. तंबू, मंच, वाहनतळ यांतलं काहीही तिथे नको.

नकाशाच्या जोडीने मालकी तपासा. खाणीच्या गावात वरची जमीन एकाची, खालचं खनिज दुसऱ्याचं आणि जुन्या रुळांची पट्टी तिसऱ्याचीच, असं सर्रास असतं. वाटेच्या वापराचा हक्क लेखी आणि दीर्घ मुदतीचा घ्या. तोंडी होकारावर बांधलेली वाट जमीन विकली गेली की तारेने बंद होते. कोणी पडलं तर दावा कोणावर येणार, हे विमा कंपनीकडून काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

मग पाहा टाकाऊ मालाचे ढिगारे. ब्रिटनच्या वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर 1966 साली कोळसाखाणीचा ढिगारा घसरून आला आणि 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता. पाणी मुरलं की असा ढीग लगद्यासारखा वाहतो. म्हणून प्रत्येक ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पावसानंतर जा: कुठे नवी ओल आहे, कुठे जमीन फुगली आहे, माथ्यावर भेगा आहेत का? आणि वाट काढण्यासाठी पायथा कधीही कापू नका. सगळा ढीग त्या पायथ्याच्या आधारावर उभा असतो.

ढिगाऱ्याचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. धातूच्या खाणींमधून उरलेल्या बारीक गाळात शिसं आणि आर्सेनिक असू शकतं. तो गाळ सपाट असतो, पटकन सुकतो, सायकलींच्या उड्यांसाठी अगदी तयार मैदान वाटतो, आणि तिथेच मुलं धूळ खातात. माती प्रयोगशाळेत तपासून घ्या, निदान जिथे लोक बसतील, जेवतील, सायकली धुतील त्या जागांची तरी. ओढ्यातले दगड नारिंगी दिसत असतील तर पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज), हवा आणि पाणी यांतून आम्ल तयार होऊन लोह खाली बसतं आहे. त्या पाण्यावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी हवीच, आणि चित्रासह. जुन्या कारखान्याच्या छपराचे पत्रे आणि पाइपांवरचं वेष्टण अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. तपासणी होईपर्यंत तिथे ड्रिल चालवू नका, काहीही फोडू नका. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बाकं करायला मोहात पाडतात, पण ते क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात भिजवलेले असतात. बसण्याच्या जागी ते नकोत.

बोगद्यात पाहुणे न्यायचे असतील तर हवा आधी मोजा. मोकळ्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली आकडा गेला की मागे फिरायचं, चर्चा बाहेर करायची. कुजणारं लाकूड आणि गंजणारी खनिजं ऑक्सिजन खातात, उरलेली जड हवा सखल भागात साचते. बाजारात मिळणारं चार वायूंचं नेहमीचं यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, म्हणून तो दाखवणारं यंत्र घ्या. वातावरणाचा दाब उतरतो त्या दिवशी खोलातली वाईट हवा तोंडाकडे सरकते, त्यामुळे कालचं मोजमाप आज चालत नाही. दर फेरीआधी नव्याने मोजा. वटवाघळं राहत असतील तर जाळी ठोकू नका. आडव्या गजांचं फाटक बसवा, गजांमध्ये सुमारे 15 सेंटीमीटर फट ठेवा, आणि त्यांच्या शीतनिद्रेच्या महिन्यांत बोगदा बंदच ठेवा.

आता वर या. आमच्या मते पहिली गुंतवणूक झिपलाइनमध्ये, म्हणजे तारेला लटकून घसरत जाण्याच्या खेळात, करू नये. वेल्समध्येच बेथेस्डाजवळच्या पेन्रिन दगडखाणीवर 2013 साली सुरू झालेली झिपलाइन दीड किलोमीटरहून लांब आहे आणि ती चालते, पण त्यामागे मोठं भांडवल आहे, आणि माणूस तासाभरात परत गाडीत बसतो. वाटांचं जाळं माणसाला रात्री मुक्कामाला ठेवतं. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातलं डर्बी हे कथलाच्या खाणीचं गाव 2015 पासून सायकलवाटांवरच पुन्हा उभं राहिलं. हातात पैसाच नसेल तर एक दिवसाची स्पर्धा भरवा. अमेरिकेत कोलोरॅडोच्या लेडव्हिलमध्ये खाणीतली नोकरी गेलेल्या केन क्लाउबर यांनी 1983 साली 100 मैलांची शर्यत सुरू केली. डोंगर आणि रस्ते तर होतेच.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. मालगाडीला चढ झेपत नसे, म्हणून तो बहुतेक ठिकाणी 2 ते 3 टक्क्यांच्या आत असतो. लहान मुलं आणि चाकाची खुर्ची दोन्ही जातात. खडीवर चुरीसह बारीक दगडाचा थर टाकून रोलर फिरवा. त्याआधी भरावाखालून पाणी नेणारी प्रत्येक मोरी साफ करा. वर्षानुवर्षं तुंबलेली मोरी पहिल्या मोठ्या पावसात अख्खा भराव घेऊन जाते.

डोंगरउतारावरची वाट हे वेगळं काम. वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि तो उताराच्या चढाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. उतार 16 टक्के असेल तर वाट 8 टक्क्यांच्या आत. यापेक्षा जास्त झालं की पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेनेच धावतं, आणि एका पावसाळ्यात तिची घळ होते. वाट दरीच्या बाजूला सुमारे 5 टक्के कलती ठेवा आणि चढत्या वाटेला ठरावीक अंतराने छोटा खोलगट उतार द्या, म्हणजे पाणी तिथे बाहेर पडेल. भरावावर वाट बांधू नका, पूर्ण रुंदी डोंगर कोरून काढा; भराव खचतो. वाट झाली की पहिल्या जोरदार पावसात कुदळ घेऊन तिच्यावरून चाला. पाणी कुठे थांबतं ते त्या तासात दिसतं, नंतर कोरड्या दिवशी नाही.

दगडखाणीचा कडा चढाईसाठी देखणा असतो, पण तो सुरुंगाने फोडलेला असतो आणि भेगा आत खोलवर गेलेल्या असतात. वरून दोर लावून पहारीने सैल दगड पाडा, खाली कोणी नको. मग हातोडीने ठोकत या. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, तिथे बोल्ट (दोर अडकवायचा खडकातला खिळा) नाही. पाटीच्या दगडासारख्या पदरी खडकात प्रसरण पावणारा बोल्ट पदरच सुटे करतो, म्हणून तिथे रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदाने, चिकटवलेला बोल्ट चांगला. ईएन 959 या युरोपीय मानकाचेच बोल्ट घ्या, म्हणजे आडव्या ओढीला 25 किलोन्यूटन (सुमारे अडीच टन वजनाइतकी) तरी ताकद. बोल्ट आणि हँगर (बोल्टवर बसणारी, दोराची कडी अडकवायची पट्टी) एकाच धातूचे असू द्या. स्टेनलेसला जस्ताचा मुलामा दिलेला तुकडा जोडला की ओलाव्यात तो लवकर गंजतो. गोठण-वितळणीच्या दिवसांनंतर, ऋतू सुरू होण्याआधी, कडा पुन्हा ठोकून पाहायचा. दरवर्षी.

लोखंडी शिड्या आणि केबलची चढवाट, म्हणजे व्हिया फेराटा, बांधणार असाल तर भाड्याच्या साहित्यात दोराच्या साध्या स्लिंग (केबलला अडकवायचे पट्टे) ठेवू नका. माणूस पडला की तो केबलवरून घसरत खालच्या खिळ्यापर्यंत जातो आणि मगच थांबतो, त्यामुळे झटका नेहमीच्या चढाईपेक्षा कितीतरी मोठा असतो. ऊर्जा शोषणारा ईएन 958 संचच द्या, आणि तो 40 ते 120 किलो वजनाच्याच माणसाला. काउंटरवर वजनकाटा ठेवा. लोकांना लाज वाटेल, तरी ठेवा. एकदा फाटून उघडलेला शोषक परत वापरायचा नसतो.

पाण्याने भरलेल्या खाणखड्ड्याचा निळा रंग फोटोत सगळ्यांना बोलावतो. पाणी अतिशय गार असतं, काठ उभे असतात, तळाशी जुनी यंत्रं असू शकतात. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि चांगला पोहणाराही पाणी गिळतो. बाहेर यायला शिडी आणि काठावर बचावकडी नसेल तर पोहणं बंद ठेवा.

बचावाची तयारी पाहुण्यांच्या आधी हवी. वाटेवर क्रमांकाचे खांब रोवा आणि तेच क्रमांक बचाव पथकाच्या नकाशावर द्या. मोबाइल कुठे लागत नाही ते चालत जाऊन नोंदवा, आणि फलकावर तसं लिहा. स्ट्रेचर खडबडीत वाटेने आणायला एका वेळी किमान सहा माणसं लागतात आणि दर काही मिनिटांनी बदली, म्हणून लांब वाटेसाठी अठरा जणांची नावं यादीत हवीत. हेलिकॉप्टरसाठी सपाट जागा ठरवा आणि दरीत लोंबणाऱ्या जुन्या रोपवेच्या तारा त्याआधी उतरवा; वैमानिकाला त्या दिसत नाहीत.

शौचालय, वाहनतळ आणि पिण्याचं पाणी गर्दीच्या शनिवाराच्या हिशेबाने मोजा, वर्षाच्या सरासरीने नाही. घरं भाड्याने द्यायला लागलात तर किती घरं गावकऱ्यांसाठी राखायची हे ग्रामसभेत आधीच ठरवा, नाहीतर वाटाडे आणि आचारी दरीखालच्या गावातून रोज चढून येतील. बांधकामाच्या पैशातून दरवर्षीच्या दुरुस्तीची रक्कम बाजूला काढा, आणि तपासणीची वही दुकानात नव्हे, वाटेच्या जबाबदार माणसाकडे ठेवा: तारीख, जागा, काय आढळलं, काय केलं, सही.

सगळं झालं की गाव न पाहिलेली तीन माणसं बोलवा. त्यांना वाहनतळावर सोडा, हातात फक्त तुमचा छापील नकाशा द्या आणि मागून अंतर राखून चाला. काही बोलू नका. ती जिथे जिथे थांबून दोन्हीकडे बघतील, तिथे पाटी कमी आहे.