जुन्या फोटोतलं बी.ई.2 नेमकं कोणतं, ते कसं ओळखायचं?

बी.ई.2 म्हणजे पहिल्या महायुद्धातलं दोन आसनी, दुपंखी ब्रिटिश विमान. फोटोखाली बहुतेक वेळा नुसतं ‘बी.ई.2’ लिहिलेलं असतं. त्यावरून प्रकार कळत नाही. सुरुवात पंखांपासून करा. शेपटी आणि इंजिन नंतर.

फोटो बाजूने काढलेला असेल, तर दोन पंखांमधल्या दांड्या बघा. त्या सरळ उभ्या असतील, म्हणजे वरचा पंख खालच्याच्या बरोबर वर असेल, तर ते 2ए किंवा 2बी. जेफ्री डी हॅविलंड यांनी इंग्लंडमधल्या फार्नबरोला आखलेलं मूळ विमान 1912 सालचं. कलण्यासाठी त्यात तारांनी अख्खा पंख पिळला जाई. 2बीमध्ये कॉकपिटभोवतीचं आच्छादन सुधारलं. इथे एक चूक हमखास होते: एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) दिसला की लोक 2सी म्हणून मोकळे होतात. शेवटच्या काही 2बींनाही एलेरॉन होते, म्हणून निकाल दांड्यांवरून लावा.

दांड्या पुढे झुकलेल्या, चारही पंखांना एलेरॉन आणि सुकाणूपुढे त्रिकोणी उभं पातं, हे 2सी. 1914 मध्ये अभियंता एडवर्ड बस्क यांच्या अभ्यासातून ते आपोआप तोल सावरणारं झालं, कारण वैमानिकाला खालचा प्रदेश न्याहाळायला हात आणि नजर मोकळी हवी होती. हाच गुण 1915 मध्ये जिवावर बेतला. जर्मनांच्या फोकर लढाऊ विमानापुढे ते चटकन वळेना, आणि पुढच्या आसनावर वरच्या पंखाखाली, दांड्या-तारांच्या जाळ्यात बसलेल्या निरीक्षकाला बंदूक धड फिरवता येईना.

2डीची दुहेरी नियंत्रणं बाहेरून दिसत नाहीत. वरच्या डाव्या पंखाखाली पेट्रोलची टाकी लटकते का, ते शोधा.

समोरून काढलेल्या फोटोत दांड्या मोजा. प्रत्येक बाजूला दोन जोड्या असतील तर 2डीपर्यंतचं विमान. एकच जोडी आणि वरचा पंख खालच्यापेक्षा बराच लांब असेल तर 1916 चं 2ई. मात्र 2सीच्या सांगाड्याला हेच पंख लावलेलं 2एफ, आणि 2डीच्या सांगाड्याला लावलेलं 2जी. फोटोवरून हे तिन्ही वेगळे काढायला जाऊ नका.

आर.ई.8 या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश विमानाचे पंखही असेच असतात, पण त्यात वैमानिक पुढे आणि निरीक्षक मागे बसतो. एकच आसन दिसलं तर सिलिंडर मोजा. 2सीच्या इंजिनाला प्रत्येक बाजूला चार असतात. सहा भरले, तर ते बी.ई.12.