ऑर्डर घटण्याआधी बदलाची चाहूल कशी घ्यावी

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचं पोट क्लच प्लेट, सायलेन्सर, पिस्टन रिंग यांवर आहे. विजेच्या स्कूटरला यातलं काहीही लागत नाही. ब्रेक शू, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, रिम, सीट मात्र लागतंच. म्हणून आधी आपल्या प्रत्येक पार्टपुढे तो कशाच्या जिवावर विकला जातो ते लिहा: इंजिनाच्या की चाकाच्या? इंजिनावर जगणाऱ्या पार्टसाठीच पुढची मेहनत करायची. धंदा दुसरा असेल तर पार्टची नावं बदला, पद्धत हीच.

मग बघायच्या जागा ठरवा. मोठ्या गिऱ्हाइकाला विचारून चाहूल लागत नाही. त्याच्या परचेस खात्याला पुढच्या तिमाहीचं शेड्यूल माहीत असतं, आणि त्यापलीकडचं माहीत असलं तरी ते पुरवठादाराला सांगत नाहीत. बदल आधी दिसतो तो जिथे नड जास्त तिथे. दिल्लीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या ई-रिक्षा आधी पसरल्या, कायदा मागून आला: २०१४ साली उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना मान्यता मिळाली. रिक्षावाल्याला रुपयाला किती किलोमीटर पडतात हे रोज संध्याकाळी कळतं. घरच्या स्कूटरवाल्याचं लक्ष तिकडे जायला पेट्रोलने शंभरी गाठावी लागली. तेव्हा रिक्षा स्टँड, डिलिव्हरीवाली मुलं, सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटवरून होणारे वाद, यांवर नजर ठेवा. सरकारी मसुदा अधिसूचनाही महिन्यातून एकदा वाचाच. गाड्यांच्या धुराचे ‘भारत स्टेज सहा’ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू होणार, हे जानेवारी २०१६ मध्येच जाहीर झालं होतं.

दिसेल ते वहीत एका ओळीत टिपा: तारीख, जागा, गोष्ट. ‘निगडी, दुचाकी मेकॅनिक, स्पार्क प्लगच्या डब्याशेजारी मल्टिमीटर.’ अर्थ तिथे लिहायचा नाही.

इथपर्यंत सोपं आहे. बहुतेकांचं घोडं अडतं ते यापुढे, टिपणं गाळताना. यावर जो सल्ला फिरतो, की भरपूर वाचा आणि टीमबरोबर चर्चा करा, तो कुचकामी आहे. चर्चेत जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं ठरतं. त्यापेक्षा तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी उगमाची. एकच प्रेसनोट पाच पेपरांत छापून आली तर ती एकच नोंद. मेकॅनिककडचा मल्टिमीटर (विजेचा दाब, प्रवाह मोजायचं यंत्र) आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा कोर्स, या मात्र दोन नोंदी, कारण दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

दुसरी चाळणी पैशाची, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. जून २०२१ मध्ये विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेतली दुचाकीची सबसिडी बॅटरीच्या दर किलोवॉट-अवर क्षमतेला १० हजारांवरून १५ हजार रुपये झाली. १ जून २०२३ पासून ती पुन्हा १० हजारांवर आली आणि कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्के झाली. त्याआधीच्या मे महिन्यात झुंबड उडून विजेच्या दुचाकींची नोंदणी लाखावर गेली, जूनमध्ये ती निम्म्याहून खाली आली. मे बघून नवी मशिनरी घेणारा चुकला आणि जून बघून ‘फुगा फुटला’ म्हणणाराही चुकला. बघायचे होते ते त्यानंतरचे महिने: सबसिडी कमी असतानाही नोंदणी पुन्हा चढली. टेकू काढल्यावर गोष्ट उभी राहिली, तरच तिला चाहूल म्हणा.

तिसरी चाळणी मोजणीची. ‘वाहन’ डॅशबोर्ड, म्हणजे गाड्यांच्या नोंदणीचे आकडे दाखवणारी सरकारी वेबसाइट, सगळ्यांना खुला आहे. राज्य महाराष्ट्र, आरटीओ पिंपरी-चिंचवड निवडा, एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला महिना घ्या आणि दुचाकीचा फिल्टर लावा. विजेच्या गाड्यांच्या ‘इलेक्ट्रिक बीओव्ही’ (बॅटरीवर चालणारी गाडी) आणि ‘प्युअर ईव्ही’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात. एकच घेतली तर आकडा खोटा पडतो, बेरीज करा. गाड्यांची संख्या लिहू नका, एकूण दुचाकींतला टक्का लिहा. सणांचंही भान ठेवा: २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. नुसत्या ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडला तर नसलेली तेजी दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरा.

आणि आकडा हाती येण्याआधी रेघ मारून ठेवा. ‘सलग दोन तिमाही टक्का अमुकच्या वर गेला, तर क्लच प्लेटच्या नव्या डायवर (साच्यावर) खर्च बंद.’ हे वाक्य तारीख घालून, सही करून वहीच्या पहिल्या पानावर. ही पायरी कधीही गाळू नका. रेघ आधी नसेल तर प्रत्येक आकड्याला सबब सापडते: पाऊस जास्त झाला, लग्नसराई लांबली, निवडणूक होती. रेघ किती वर हे ठरवताना उलटं मोजा. नवा पार्ट बसवायला ड्रॉइंग, सॅम्पल, चाचणी, मंजुरी मिळून आपल्याला १८ महिने लागत असतील, तर रेघ नुकसान सुरू होण्याच्या निदान १८ महिने अलीकडे हवी.

शेवटचं पाऊल लहान ठेवा. इगॉर अ‍ॅन्सॉफ या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९७५ मध्ये दुबळ्या, म्हणजे अजून अस्पष्ट, संकेतांबद्दल हेच मांडलं होतं: खात्री पटेपर्यंत थांबलात तर वेळ संपते, म्हणून संकेत जितका स्पष्ट तितकीच हालचाल करा. पहिली रेघ ओलांडली की एका ब्रेक पार्टचं कोटेशन द्या, एका माणसाला ट्रेनिंगला पाठवा. कर्ज काढून मशिन घेणं त्याहून वर मारलेल्या दुसऱ्या रेघेनंतर. रेघ ओलांडली त्याच आठवड्यात ठरलेलं काम सुरू करा. पुन्हा मीटिंगला बसलात तर रेघ खोडून वर सरकवली जाते.